दीडशे अर्ज, एकही फोन नाही: लिंक्डइनवर नोकरी शोधताना कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर आहेत, शिक्षण सांगलीतून मेकॅनिकल. आता त्यांना पुण्यात, चाकण-तळेगाव पट्ट्यात सप्लायर क्वालिटीची (पुरवठादारांकडून येणाऱ्या पार्टची गुणवत्ता सांभाळण्याची) नोकरी हवी आहे. लिंक्डइनवर दीडशेच्या वर ‘ईझी अप्लाय’ (बटण दाबून तिथल्या तिथे अर्ज) करून झाले, फोन एकही नाही. त्यावर चार उपप्रश्न: रोज पोस्ट टाकावी लागते का, प्रीमियम घ्यावं का, सध्याच्या साहेबांना कळेल का, आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘डायरेक्ट जॉइनिंग’साठी साडेतीन हजार मागतायत ते भरावेत का.

शेवटच्याचं उत्तर आधी, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही: भरू नका. माणसं शोधून देण्याचे पैसे एजन्सीला कंपनी देते, उमेदवार नाही. रजिस्ट्रेशन फी, गेटपास, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल अशी कारणं बदलतात, मागणी तीच असते. ऑफर लेटर जीमेलवरून आलं असेल, मुलाखत नुसत्या चॅटवर झाली असेल किंवा पगाराचा आकडा बाजारापेक्षा दीडपट असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या करिअरच्या पानावर ती जागा आहे का बघा आणि वेबसाइटवरच्याच नंबरला फोन लावून विचारा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत फिरत जाते.

आता मूळ अडचण. ऑटो कंपोनंट कंपन्यांसाठी इंजिनिअर शोधणं हेच माझं काम, म्हणून पलीकडच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगतो. सप्लायर क्वालिटीची एक जागा ईझी अप्लायवर टाकली की दोन दिवसांत शेकड्याने अर्ज येतात. त्यात फ्रेशर असतात, सॉफ्टवेअर टेस्टिंगवाले असतात (‘क्वालिटी’ हा शब्द दिसला की बटण दाबलेले), दुसऱ्या राज्यातले असतात आणि खरोखर योग्य असे थोडेसे असतात. हे बघणाऱ्या माणसाकडे त्या आठवड्यात अशा आठ-दहा जागा उघड्या असतात. तो वरून खालपर्यंत सगळे अर्ज वाचत नाही. चाळणी लावतो, वरचे तीस-चाळीस उघडतो आणि बोलावण्यासारखे पाच-सहा मिळाले की थांबतो. त्याच वेळी तो नोकरी डॉट कॉमच्या डेटाबेसमध्ये आणि लिंक्डइनच्या सर्चमध्ये स्वतःही शोधत असतो. आणि बरेचदा त्याआधीच प्लँटच्या क्वालिटी हेडने सांगितलेलं असतं, ‘आपल्या अमक्याच्या ओळखीत एक जण आहे, त्याला बोलवा.’ म्हणजे दुकानाला तीन दारं आहेत आणि तुम्ही सगळ्यात लांब रांगेच्या दाराशी उभ्या आहात. लिंक्डइनचा खरा उपयोग उरलेल्या दोन दारांसाठी: कोणी शोधलं तर सापडणं, आणि आतल्या माणसापर्यंत पोचणं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमचा हात कशावर बसलाय: कास्टिंग, मशीनिंग, शीट मेटल, प्लास्टिक की इलेक्ट्रॉनिक्स? सप्लायर क्वालिटीत ‘कमोडिटी’, म्हणजे पार्टचा हा प्रकार, बघून माणूस घेतात. इंजेक्शन मोल्डिंगच्या जागेला कास्टिंगवाला सहसा बसत नाही. नोटीस पीरियड ३० दिवस की ९०? सप्लायरकडे जाऊन काम केलंय, की फक्त इनकमिंगला (आलेला माल तपासायला) बसून? आणि हंगामही असतो. एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटची पत्रं हातात पडली की नाराज माणसं हलतात, त्यामुळे मे ते जुलै जागा जास्त निघतात. डिसेंबरात बरंच थंड असतं. पुढचं सगळं तुम्ही कास्टिंग-मशीनिंगमधल्या आहात असं धरून लिहितो.

सापडण्यापासून सुरू करू. शोधणारा माणूस साधारण असं टाइप करतो: ‘सप्लायर क्वालिटी’ किंवा ‘एसक्यूए’ (सप्लायर क्वालिटी ॲश्युरन्स), त्याला जोडून ‘पीपॅप’ (नवीन पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया) किंवा ‘एपीक्यूपी’ (नवीन पार्टच्या गुणवत्तेचं आधीचं नियोजन), मग ‘कास्टिंग’, अनुभव ३ ते ६ वर्षं, ठिकाण पुणे. हे शब्द प्रोफाइलमध्ये नसतील तर तुम्ही कितीही हुशार असा, यादीत येणार नाही. बहुतेकांची हेडलाइन लिंक्डइनने आपोआप भरलेली असते, ‘क्वालिटी इंजिनिअर ॲट अमुक प्रायव्हेट लिमिटेड’. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. त्यात असं काही बसवा: ‘क्वालिटी इंजिनिअर, सप्लायर व इनकमिंग क्वालिटी | पीपॅप, ८डी, एमएसए, एसपीसी | कास्टिंग आणि मशीन्ड पार्ट | आयएटीएफ १६९४९’. (८डी म्हणजे तक्रारीचं मूळ कारण शोधून उपाय करण्याची आठ टप्प्यांची पद्धत, एमएसए म्हणजे मोजमापाच्या पद्धतीची तपासणी, एसपीसी म्हणजे आकडेवारीने प्रक्रियेवर नजर, आणि आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक.) प्रोफाइल इंग्रजीतच ठेवा, कारण शोध इंग्रजीत होतो. इथे मी मराठीत लिहितोय इतकंच. सर्चच्या यादीत आणि मोबाइलवर हेडलाइनचे सुरुवातीचे काहीच शब्द दिसतात, म्हणून महत्त्वाचं आधी. ‘पॅशनेट’, ‘हार्डवर्किंग’, ‘सीकिंग ऑपॉर्च्युनिटीज’ हे शब्द कुणीही शोधत नाही. जागा अडवतात फक्त.

संक्षेप आणि पूर्ण नाव दोन्ही लिहा. एक जण ‘एफएमईए’ (बिघाडाच्या शक्यता आधीच शोधण्याची पद्धत) टाकतो, दुसरा ‘फेल्युअर मोड’ टाकतो. हेडलाइनमध्ये संक्षेप, अनुभवाच्या मजकुरात एकदा पूर्ण नाव, एवढं पुरे. स्किल्सच्या यादीत शंभरपर्यंत जागा आहेत, पण तिथे एमएस ऑफिस आणि टीमवर्क भरू नका. कोअर टूल्स (एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एमएसए, एसपीसी), सीएमएम (पार्टची मापं घेणारं यंत्र), मिनिटॅब (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), सॅपचं क्यूएम मोड्यूल, ड्रॉइंग वाचन आणि जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार आणि मर्यादांच्या खुणा), अंतर्गत ऑडिटरचं प्रमाणपत्र असेल तर ते. जे विचारल्यावर दहा मिनिटं बोलता येणार नाही ते लिहू नका. ‘एमएसए’ लिहिलंत तर पहिला प्रश्न येणार: जीआरआर (मोजण्याच्या पद्धतीतलीच चूक किती टक्के) किती आला तर चालेल? १० टक्क्यांखाली ठीक, १० ते ३० मध्ये वापर आणि खर्च बघून ठरवायचं, ३० च्या वर गेज सिस्टीम चालणार नाही, आणि एनडीसी (गेजला वेगळे ओळखता येणारे गट) किमान ५. हे न अडखळता सांगता येत असेल तरच तो शब्द प्रोफाइलवर शोभतो.

ठिकाणाचा घोळ हे दीडशे अर्ज वाया जाण्यामागचं एक साधं कारण असू शकतं. प्रोफाइलवर छत्रपती संभाजीनगर आहे आणि शोधणारा पुण्याची चाळणी लावतोय, तर तुम्ही त्याला दिसतच नाही. पण तेवढ्यासाठी ठिकाण खोटंच पुणे लिहू नका. पहिल्याच फोनवर ‘उद्या अकराला या’ म्हटलं की पंचाईत. ‘ओपन टू वर्क’च्या सेटिंगमध्ये नोकरीच्या ठिकाणांत पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण घाला. रिक्रूटरच्या सर्चमध्ये ‘स्थलांतराला तयार’ असलेल्यांना धरायची सोय असते, तिथे तुम्ही येता. शिवाय ‘अबाउट’च्या पहिल्या दोन ओळींत लिहा की पुण्यात यायची तयारी आहे. पहिल्या दोनच ओळी, कारण त्याखालचं ‘सी मोअर’ दाबल्याशिवाय दिसत नाही आणि ते दाबायला कुणाला वेळ नसतो.

अनुभवाच्या मजकुरात सगळ्यांचं एकच वाक्य असतं: ‘रिस्पॉन्सिबल फॉर इनकमिंग इन्स्पेक्शन’. त्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी समजा असं लिहिलं: ‘१४ सप्लायरकडून येणाऱ्या ग्रे आयर्न आणि ॲल्युमिनियम कास्टिंगची इनकमिंग तपासणी, ब्लोहोल आणि कोअर शिफ्टवर सप्लायरसोबत ८डी, सहा नवीन पार्टचे पीपॅप लेव्हल ३ पूर्ण, तीन सप्लायरकडे प्रोसेस ऑडिट.’ (ब्लोहोल आणि कोअर शिफ्ट हे कास्टिंगमधले दोष.) आकडे तुमचे घाला, पण रचना ही ठेवा: किती सप्लायर, कोणता पार्ट, कोणता दोष, तुम्ही काय केलं, काय फरक पडला. इथे एक धोका आहे. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, कंपनीचा खरा पीपीएम (दहा लाखांमागे सदोष पार्ट), रिजेक्शनचे रुपये, ड्रॉइंगचा किंवा लाइनचा फोटो यातलं काहीही टाकू नका. नेमणूक पत्रातल्या गोपनीयतेच्या कलमात ते येतं, आणि नवीन कंपनीचा क्वालिटी हेड तेच बघून म्हणतो, ‘उद्या आमचंही टाकेल.’ ‘एका सप्लायरचं रिजेक्शन सहा महिन्यांत निम्म्यावर’ असं सापेक्ष लिहिलं की काम भागतं.

रेझ्युमेवरच्या आणि लिंक्डइनवरच्या तारखा महिन्यासकट जुळवून घ्या. पुढे पार्श्वभूमी तपासणीत ईपीएफओची (पीएफ कार्यालयाची) सर्व्हिस हिस्टरी मागतात, तिथे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. दोन महिन्यांची तफावत प्रामाणिक चूक असली तरी एचआरच्या मनात शंका राहते. रेझ्युमे एका कॉलममध्ये, दोन पानांत, पीडीएफ. दोन कॉलम आणि कौशल्यांपुढे ठिपक्यांचे स्टार असलेली सुंदर टेम्पलेटं सॉफ्टवेअर वाचतं तेव्हा मजकूर उलटसुलट होतो आणि कंपनीचं नाव शिक्षणात जाऊन बसतं.

ईझी अप्लाय पूर्ण बंद करा असं नाही म्हणत. पण तिथल्या प्रश्नांकडे लक्ष द्या. ‘सप्लायर क्वालिटीचा किती वर्षांचा अनुभव?’ याला पदनाम तसं नाही म्हणून तुम्ही ० भरत असाल, तर अर्ज तिथेच बाजूला पडतो. इनकमिंगला असताना सप्लायरच्या ८डी आणि पीपॅप तुम्ही हाताळत असाल तर ती वर्षं प्रामाणिकपणे मोजा. दोन तर दोन. टाकून २४ तास झाले नाहीत अशाच जागा बघा. त्यासाठी ‘डेट पोस्टेड’ची चाळणी आहे. दहा दिवस जुन्या जागेवर अर्ज करण्यात अर्थ कमीच.

बऱ्याच जागा ‘जॉब्स’ विभागात येतच नाहीत, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मॅनेजर किंवा एचआरवाले साधी पोस्ट टाकतात, ‘चाकण प्लँटसाठी एसक्यूए हवा, रेझ्युमे या मेलवर पाठवा’. सर्चमध्ये ‘हायरिंग सप्लायर क्वालिटी पुणे’ असं इंग्रजीत टाकून ‘पोस्ट्स’ निवडा आणि मागच्या आठवड्यापुरतं मर्यादित करा. खाली शंभर जणांनी ‘इंटरेस्टेड’ किंवा ‘काइंडली चेक माय प्रोफाइल’ लिहिलेलं असेल. कुणीही ते चेक करत नाही. मेल करा, आणि विषयातच सगळं सांगा: पद, अनुभवाची वर्षं, कमोडिटी, सध्याचं शहर, नोटीस. मेल उघडायच्या आधीच माणसाला निर्णय घेता आला पाहिजे.

आता आतल्या माणसाचं दार. इथे वेळ द्या, कारण तुमच्या अनुभवाच्या टप्प्यावर खऱ्या मुलाखती इथूनच जास्त निघतात.

सगळ्यात उपयोगी माणसं म्हणजे तुमच्याच कंपनीतून गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलेली. त्यांनी तुमचं काम पाहिलंय, ते खात्रीने बोलू शकतात. पण अशांना नोकरी मागायला लोक लाजतात आणि अनोळखी व्हाइस प्रेसिडेंटला मेसेज करत बसतात. दुसरं, कॉलेज. लिंक्डइनवर तुमच्या कॉलेजच्या पानावर ‘ॲल्युम्नाय’ असा विभाग आहे. त्यात कुठे राहतात, कुठे काम करतात, कोणत्या क्षेत्रात आहेत यावर गाळता येतं, आणि ते फुकट आहे. पुणे आणि क्वालिटी लावून बघा, सांगलीहून निघालेले कितीतरी सीनियर चाकण, तळेगाव, रांजणगावात सापडतील. तिसरं, ऑडिट आणि लाइन रिजेक्शनच्या निमित्ताने भेटलेली ग्राहकाकडची किंवा सप्लायरकडची माणसं. इथे जपून. ग्राहक कंपन्या बऱ्याचदा सप्लायरचा माणूस थेट घेत नाहीत, कधी करारात तसं असतं, कधी नुसता संकेत असतो. त्यांच्याकडे नोकरी मागितलीत तर गोष्ट चहाच्या टपरीवरून तुमच्या साहेबांपर्यंत पोचायला एक दिवस पुरतो. त्यांच्याशी जोडलेल्या राहा, पण विचारणा त्यांच्या कंपनीतल्या जागेची नको, बाजारात काय चाललंय याची करा.

जोडणीच्या विनंत्या दिवसाला चार-पाचच पाठवा. लिंक्डइन आठवड्याला साधारण शंभरपर्यंत चालवून घेतं, पण अनोळखी माणसांना धडाधड विनंत्या गेल्या आणि त्यांनी ‘ओळखत नाही’ म्हटलं की खात्यावर बंधन येतं. विनंत्या आपोआप पाठवणारी एक्स्टेन्शन तर लावूच नका, खातं बंद होण्याचा तो सरळ रस्ता आहे. फुकट खात्यावर महिन्याला मोजक्याच विनंत्यांसोबत चिठ्ठी जोडता येते, तीही छोटी, म्हणून ती महत्त्वाच्या माणसांसाठी राखून ठेवा. चिठ्ठी अशी:

‘नमस्कार सर, मी सांगलीच्या आपल्याच कॉलेजची. वाळूजला क्वालिटीत ४ वर्षं, मुख्यतः कास्टिंग. सप्लायर क्वालिटीत यायचा विचार आहे, आपलं काम त्यातच दिसलं म्हणून जोडून घ्यावं ही विनंती.’

मराठी माणसाला मराठीत लिहिलंत तरी बिघडत नाही, उलट उत्तर लवकर येतं. मोठ्या कंपनीतल्या अमराठी माणसाला अर्थातच इंग्रजीत.

विनंती स्वीकारली की लगेच रेझ्युमे चिकटवू नका. आधी एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर त्या माणसाला दोन मिनिटांत देता येईल आणि जो फक्त त्यालाच विचारता येईल. ‘तुमच्याकडे एसक्यूएला आठवड्यातले किती दिवस सप्लायरकडे जावं लागतं? आणि कास्टिंगवाल्याला मशीनिंगचं किती यावं लागतं?’ याला लोक मनापासून उत्तर देतात, कारण रोजच्या कामाबद्दल बोलायला कुणालाही आवडतं. ‘सर, काही व्हेकन्सी असेल तर सांगा’ याला ‘नक्की’ एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्या माणसाच्या हातात त्या क्षणी जागा नसते, आणि दोन महिन्यांनी निघते तेव्हा तुम्ही त्याला आठवत नाही. प्रश्नोत्तर झालेलं असेल तर आठवता.

जागा निघाली की रेफरल मागा. त्यात संकोच नको. अनेक कंपन्या रेफर केलेला माणूस रुजू झाला की कर्मचाऱ्याला बक्षीस देतात, त्यामुळे हा एकतर्फी उपकार नसतो. त्यांचं काम मात्र सोपं करून द्या: जागेचा जॉब आयडी किंवा लिंक, रेझ्युमेची पीडीएफ, आणि जशाच्या तशा पुढे ढकलता येतील अशा तीन ओळी. पहिलीत अनुभव आणि कमोडिटी, दुसरीत एक ठोस काम, तिसरीत नोटीस, सध्याचा पगार, अपेक्षा आणि स्थलांतराची तयारी. आठवड्याने एकदा विचारपूस करा. दुसऱ्यांदा करावी लागली तर पुढच्या माणसाकडे वळा, राग न धरता.

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. पोर्टलवर किंवा कन्सल्टंटमार्फत (कंपन्यांसाठी माणसं शोधणारी एजन्सी) तुमचा रेझ्युमे कंपनीच्या सिस्टीममध्ये आधीच शिरला असेल, तर पुष्कळ ठिकाणी त्यानंतरचं रेफरल धरत नाहीत. असं रेफरल न धरण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांची असते. म्हणून ज्या आठ-दहा कंपन्या तुम्हाला मनापासून हव्या आहेत तिथे बटण दाबायच्या आधी आतला माणूस शोधा. कन्सल्टंटचंही तेच. फोन आला की ‘कोणत्या कंपनीसाठी?’ हे विचारल्याशिवाय रेझ्युमे पाठवायची परवानगी देऊ नका. एकाच जागेसाठी दोन कन्सल्टंटनी एकच नाव पाठवलं की कमिशन कुणाचं हा वाद होतो आणि कंपनी सरळ तो उमेदवारच बाजूला ठेवते. तुम्हाला कारण कधीच कळत नाही.

साहेबांना कळेल का? ‘ओपन टू वर्क’चे दोन प्रकार आहेत. फोटोभोवतीची हिरवी चौकट सगळ्यांना दिसते. नोकरीत असताना ती नको. दुसरा प्रकार फक्त रिक्रूटरना दिसतो, आणि त्यात तुमच्याच कंपनीतल्या रिक्रूटरपासून लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही. त्यासाठी सध्याची नोकरी कंपनीच्या खऱ्या पानाशी जोडलेली हवी. नाव नुसतं टाइप केलं असेल आणि लोगोच्या जागी करडा चौकोन दिसत असेल, तर लिंक्डइनला तुमची कंपनी ओळखता येईलच असं नाही. शिवाय तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारा बाहेरचा कन्सल्टंट तुम्हाला बघू शकतो, आणि वाळूजसारख्या ठिकाणी हे कन्सल्टंट मोजकेच असतात. त्यामुळे धोका कमी आहे, शून्य नाही. प्रोफाइल बदलण्याआधी ‘नेटवर्कला कळवा’ हे सेटिंग बंद करा, आणि एका रात्रीत सगळं पालटण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं बदला.

प्रीमियमची सुरुवातीला गरज नाही. प्रोफाइल कच्चं असताना प्रीमियम घेतलं तर कच्चं प्रोफाइल कुणी कुणी पाहिलं एवढंच सविस्तर कळतं. एक महिना फुकट मिळण्याची ऑफर असते. ती अशा महिन्यासाठी राखा जेव्हा प्रोफाइल तयार आहे आणि अनोळखी हायरिंग मॅनेजरना थेट इनमेल (जोडणी नसलेल्या माणसाला जाणारा मेसेज) करायचे आहेत. मुदत संपण्याआधी रद्द करायचं मोबाइलवर आठवण लावून ठेवा.

रोज पोस्टचीही गरज नाही. ‘मंडे मोटिव्हेशन’ टाकून क्वालिटीतली नोकरी लागत नाही. महिन्यात दोन पोस्ट पुरेत, त्या कामाच्या असाव्यात: पीपॅपला सीपीके (प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसते त्याचा आकडा) १.६७ का मागतात आणि १.३३ ते १.६७ मध्ये आला तर ग्राहकाशी काय बोलायचं; किंवा पोरोसिटीच्या (कास्टिंगमधल्या छिद्रांच्या) तक्रारीवर ८डी लिहिताना लोक मूळ कारणाच्या जागी ‘ऑपरेटर निग्लिजन्स’ लिहून मोकळे होतात, ते परत का येतं. याहून स्वस्त आणि जास्त परिणामकारक काम म्हणजे क्षेत्रातल्या दहा-पंधरा माणसांच्या पोस्टखाली आठवड्यातून दोनदा एखादी नेमकी दोन ओळींची टिप्पणी. ‘ग्रेट सर’ नव्हे. त्यांच्या मुद्द्यात भर घालणारी. नंतर तुमची विनंती जाते तेव्हा नाव ओळखीचं असतं.

आणि नोकरी डॉट कॉम विसरू नका. ऑटो कंपोनंटमध्ये तीन ते सहा वर्षांच्या अनुभवाची भरती आजही मोठ्या प्रमाणावर तिथल्या डेटाबेसवरून होते. शोधणारा ‘गेल्या १५ किंवा ३० दिवसांत सक्रिय’ अशी चाळणी लावतो, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे जाऊन काहीतरी खरं अद्ययावत करा. नोटीस पीरियडचा रकाना बरोबर भरा. तिथे ९० दिवस असतील आणि वाटाघाटीने ६० होणार असतील तर तसं रेझ्युमेच्या हेडलाइनमध्ये लिहा.

महिनाभराने काय चाललंय हे आकड्यांवरून बघता येतं. लिंक्डइनच्या ॲनालिटिक्समध्ये तुम्ही किती सर्चमध्ये आलात ते दिसतं. तो आकडाच अगदी कमी असेल तर हेडलाइन, स्किल्स किंवा ठिकाण चुकलंय. सर्चमध्ये येताय, प्रोफाइल बघितलं जातंय, पण मेसेज नाही, तर अनुभवाचा मजकूर पोकळ आहे. मेसेज येतायत आणि पुढे काही होत नाही, तर गडबड उत्तरात आहे. बहुतेक वेळा पगार किंवा नोटीस.

या उत्तराचं थोडं सविस्तर, कारण मुलाखतीच्या आधीच बरेच जण इथे गळतात. रिक्रूटरचा ‘हाय, इंटरेस्टेड?’ असा मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर द्या. दोन दिवसांनी त्याची यादी पुढे गेलेली असते. ‘येस, प्लीज शेअर जेडी’ (जागेचं वर्णन पाठवा) एवढंच लिहून थांबू नका. कमोडिटी, सध्याचा सीटीसी, अपेक्षा, नोटीस, पुण्यात यायची तयारी आणि फोनवर बोलायला मोकळी वेळ, हे एकाच मेसेजमध्ये द्या. शिफ्ट असेल तर वेळ स्पष्ट लिहा, ‘पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात दुपारी साडेतीननंतर’. सीटीसी फुगवून सांगू नका. ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ मागतात, आणि आकडा जुळला नाही की झालेली निवड रद्द होते. अपेक्षा विचारली तर टक्क्यांऐवजी रकमेची एक पट्टी सांगा आणि पुण्याचं भाडं त्यात धरा. नोटीस ९० दिवसांची असेल तर बायआउटची (पैसे भरून नोटीस कमी करण्याची) सोय नेमणूक पत्रात आहे का ते आजच काढून वाचा, म्हणजे फोनवर अडखळणार नाही. आणि नव्या कंपनीचं, पगाराची फोड आणि रुजू व्हायची तारीख असलेलं लेखी पत्र मेलवर आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, मग समोरचा एचआर ‘तुमचं फायनलच आहे, पेपर टाका’ असं कितीही वेळा म्हणो.